बशीतला चहा आणि अणूंचे भोवरे

गेल्या गणेशोत्सवात मी महाप्रसादाच्या रांगेत उभी असताना ओळखीचे एक काका जवळ आले. गळ्यातलं काळपट धातूचं लॉकेट पुढे करून म्हणाले, "डॉक्टर, हे बघा. क्वांटम एनर्जीचं आहे. चारशे डॉलर पडले, पण शरीरातले सगळे अणू एका लयीत येतात म्हणे. आता बी.पी.ची गोळी मी एक दिवसाआडच घेतो."

रांग सोडून मी त्यांना पार्किंगमध्ये नेलं आणि गाडीतल्या बॅगेतून बी.पी.चं यंत्र काढलं. १८८ वर १०४. त्यावर त्यांच्याशी जे बोलायचं ते तिथेच बोलले. पण घरी आल्यावर त्यांचं एक वाक्य डोक्यातून जाईना. "सगळे अणू एका लयीत." गंमत अशी, की अणू खरोखरच एका लयीत येतात. फक्त ते कुठे येतात आणि त्यासाठी काय करावं लागतं, हे लॉकेट विकणाऱ्याने काकांना सांगितलं नव्हतं. आणि त्यातलं काही पहिल्या दर्जाचं काम आपल्या ब्रिस्बेनमध्ये, सेंट लुशियाच्या कॅम्पसवर चालतं.

आधीच कबूल करते, माझं भौतिकशास्त्र बारावीला संपलं. पुढे मिरजेला एम.बी.बी.एस. केलं, मग इकडे आले, आणि गेली पंचवीसएक वर्षं बी.पी. आणि डायबेटिस हाच माझा संसार. हा लेख म्हणजे एका डॉक्टरणीने वयाच्या पन्नाशीनंतर केलेला अभ्यास आहे. आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा याच विषयात पीएच.डी. करतो. त्याने माझ्या बाळबोध प्रश्नांना न कंटाळता उत्तरं दिली, म्हणून हे धाडस.

गोष्ट सुरू होते ढाक्याला. १९२४ साली तिथल्या विद्यापीठात सत्येंद्रनाथ बोस नावाचे तीस वर्षांचे प्राध्यापक होते. (आमच्या मुलांना बोस म्हटलं की स्पीकर आठवतात; ते बोस वेगळे.) प्रकाशकण एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत असं धरून मोजणी केली, तर प्लांकचा प्रसिद्ध नियम सरळ हाती येतो, असं त्यांनी दाखवलं. तो निबंध त्यांनी आईनस्टाईनला पाठवला. आईनस्टाईनने स्वतः त्याचं जर्मन भाषांतर करून तो छापवून आणला आणि तीच मोजणी अणूंच्या वायूला लावली. उत्तर चमत्कारिक आलं. वायू पुरेसा थंड केला, तर अणूंचा मोठा गट एकदम सर्वांत खालच्या ऊर्जेच्या एकाच अवस्थेत जाऊन बसेल. यालाच बोस-आईनस्टाईन कंडेन्सेट म्हणतात. अशा वागणुकीच्या कणांना पुढे बोसांच्या नावावरून 'बोसॉन' म्हणू लागले. बोसांना नोबेल मिळालं नाही, याची रुखरुख आपल्याकडे अजून आहे, आणि ती रास्त आहे.

थंडीचा इथे संबंध काय? प्रत्येक अणू हा थोडासा लाटेसारखाही वागतो. अणू जितका वेगात, तितकी त्याची लाट आखूड. साध्या खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू ताशी हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ जेट विमानाच्या वेगाने धावतो आणि त्याची लाट नॅनोमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, खुद्द अणूपेक्षाही लहान असते. अशा अणूला शेजाऱ्याच्या लाटेचा पत्ताही नसतो. तोच अणू केल्व्हिनच्या एक कोटी भागांतल्या एका भागापर्यंत थंड केला, की वेग सेकंदाला पाचएक मिलिमीटर, म्हणजे मुंगीच्या चालीचा होतो, आणि लाट पन्नास हजार पटींहून जास्त लांबते. ती आता अर्ध्या मायक्रॉनच्या पुढे जाते. तांबड्या रक्तपेशीचा व्यास सात-आठ मायक्रॉन असतो, त्यावरून अंदाज करा. या लाटा शेजाऱ्यांच्या लाटांवर चढू लागल्या, की कुठला अणू कुठे संपतो हे सांगता येत नाही आणि सगळ्यांची मिळून एकच लाट होते. लेझीमचं पथक रंगात आलं की वेगळे पाय दिसेनासे होतात, तसं. फरक इतकाच, की इथे शिट्टी वाजवणारा कोणी नसतो.

सांगायला सोपं, पण हे घडवायला सत्तर वर्षं लागली. १९९५च्या जून महिन्यात अमेरिकेत, कोलोरॅडोमधल्या बोल्डर इथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी रुबिडियमच्या सुमारे दोन हजार अणूंचं पहिलं कंडेन्सेट बनवलं. त्यांच्यामागोमाग एम.आय.टी.त वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियमचं केलं. २००१चं नोबेल या तिघांना मिळालं.

थंड कसं करतात, हे ऐकताना मला सर्वांत मजा आली, कारण दोन्ही युक्त्या माझ्या ओळखीच्या निघाल्या. पहिली युक्ती डॉप्लरची. इको करताना आपल्याकडे येणारं रक्त आणि दूर जाणारं रक्त यांची कंपनसंख्या वेगवेगळी दिसते, तेच तत्त्व. लेझरचा रंग अणूला हव्या त्या रंगापेक्षा किंचित कमी ठेवतात. जो अणू त्या किरणाच्या दिशेने धावत येतो, त्याला तो रंग बरोब्बर जुळतो आणि समोरून प्रकाशकणाची टपली बसते. एका टपलीने वेग सेकंदाला जेमतेम सहा मिलिमीटरने कमी होतो, म्हणून अशा हजारो टपल्या लागतात. सहाही दिशांनी किरण सोडले, की अणू काकवीत अडकलेल्या मुंगीसारखा होतो. या युक्तीला १९९७चं नोबेल मिळालं.

तरीही ती थंडी पुरत नाही. मग दुसरी युक्ती, आपल्या आज्यांची. चहा बशीत ओतून फुंकर मारली की सर्वांत गरम रेणू वाफ होऊन निघून जातात आणि उरलेला चहा निवतो. माठातलं पाणीही असंच गार होतं. अणूंना चुंबकाच्या किंवा प्रकाशाच्या वाटीत धरून ठेवायचं आणि वाटीचा काठ हळूहळू खाली आणायचा. सर्वांत उडी मारणारे अणू पळून जातात, उरलेले आपापसांत टकरा घेऊन आणखी थंड होतात. शंभर कोटी अणूंपासून सुरुवात केली तर शेवटी हाती काही लाख उरतात. उरलेला वायू हवेच्याही लाखभर पट विरळ असतो. विरळ ठेवला नाही, तर रुबिडियम सरळ गोठून धातू होईल.

त्या मुलाने मला प्रयोगशाळा दाखवली तेव्हा मी मोठ्या फ्रीजच्या अपेक्षेने स्वेटर घालून गेले होते. फ्रीज कुठेच नाही! एक भलंमोठं टेबल, त्यावर शेकडो भिंगं आणि आरसे, आणि मधोमध निर्वात काचेची छोटी पेटी. काच खोलीइतकीच उबदार असते, आणि तिच्यापासून दोन बोटांवर, पोकळीत तरंगत, विश्वातल्या बहुतेक सगळ्या जागांपेक्षा थंड असा ढग. तारे-तारे यांच्यामधलं अवकाशसुद्धा २.७ केल्व्हिनवर असतं. हा ढग त्याच्या कोट्यवधी पट थंड. फोटो काढला की त्या प्रकाशानेच ढग नष्ट होतो. मग पुन्हा पहिल्यापासून, टपल्या आणि फुंकर. असं दिवसभर.

हे आता आपल्या महाराष्ट्रातही होतं. पुण्याला पाषाणच्या 'आयसर'मध्ये प्रा. उमाकांत रापोल यांच्या गटाने रुबिडियमचं कंडेन्सेट बनवलं आहे, आणि त्याच्या बऱ्याच आधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अणू इतके थंड करण्याचं काम झालं होतं.

पण थंडीचा विक्रम हा काही हेतू नव्हे. खरा हेतू आम्हा डॉक्टरांना चटकन कळेल. हृदयाची एक पेशी बशीत ठेवून तिचा जन्मभर अभ्यास केला, तरी एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे काय हे त्यातून कळणार नाही. तो आजार एका पेशीचा नसतोच, पेशींच्या मेळाव्याचा असतो. पदार्थांचंही तसंच. एका इलेक्ट्रॉनचे सगळे नियम ठाऊक आहेत, पण असंख्य इलेक्ट्रॉन एकत्र आले की काही धातू अचानक विजेला अडथळा करणंच सोडून देतात. हे का होतं, याची गणितं काही ठिकाणी सुटली आहेत आणि काही ठिकाणी जगातले उत्तमोत्तम लोक अजून डोकं धरून बसले आहेत. संगणक इथे कामी येत नाही. फक्त दोनच अवस्था असणारे तीनशे कण घ्या. त्यांच्या शक्यतांची यादी दृश्य विश्वातल्या अणूंच्या संख्येहून लांब होते. रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ साली सुचवलं, की निसर्गाचा हिशेब निसर्गाकडूनच करून घ्या. ज्याचं वागणं समजून घ्यायचं, त्याच्यासारखीच वागणारी दुसरी, आपल्या ताब्यातली क्वांटम व्यवस्था बनवा. थंड अणू ही ती व्यवस्था आहे.

याचं एक सुंदर उदाहरण २००२ साली म्युनिकला इमॅन्युएल ब्लोख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. लेझर किरण समोरासमोर सोडले की प्रकाशाचेच खड्डे तयार होतात. मी त्याला प्रकाशाचं आप्पेपात्र म्हणते. खड्डे उथळ असले, की पीठ सगळ्या पात्रभर पसरावं तसा प्रत्येक अणू सगळ्या खड्ड्यांत पसरलेला असतो आणि मुक्तपणे वाहतो. खड्डे खोल करत नेले, की एका ठरावीक खोलीला सगळं बदलतं आणि प्रत्येक खड्ड्यात मोजून ठरावीक अणू बसतात, हलेनासे होतात. वाहणारा पदार्थ अडून बसणारा झाला, आणि तापमानाला हात न लावता. लेझर पुन्हा मंद केला की अणू पुन्हा वाहू लागतात.

आता आपल्या ऑस्ट्रेलियाकडे येते. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत हेलियमचे अणू एकेक करून मोजतात, मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठात लिथियमच्या अणूंच्या जोड्यांवर काम होतं. प्रत्येकावर वेगळा लेख होईल. मला मात्र भुरळ पडली ती भोवऱ्यांची.

कंडेन्सेट हा घर्षण नसलेला द्रव असतो. त्याला चहासारखं ढवळून सबंध फिरवता येत नाही. तो फिरतो तो फक्त बारीक भोवऱ्यांच्या रूपाने, आणि प्रत्येक भोवऱ्याचा फिरण्याचा वाटा ठरलेला. अर्धा भोवरा, पाऊण भोवरा असं काही नसतं. एक तर डावीकडे फिरणारा, नाही तर उजवीकडे.

१९४९ साली लार्स ओन्सागर नावाच्या नॉर्वेत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने कागदावर एक भाकीत केलं. चपट्या, बंदिस्त जागेत असे पुष्कळ भोवरे असतील आणि त्यांना ऊर्जा देत गेलो, तर काय होईल? आपला सगळा अनुभव सांगतो, की ऊर्जा दिली की गोंधळ वाढतो. बर्फ तापवला तर पाणी होतं, पाणी तापवलं तर वाफ. ओन्सागर म्हणाले, इथे उलटं होईल. एका मर्यादेपलीकडे ऊर्जा गेली, की डावे भोवरे डाव्यांजवळ आणि उजवे उजव्यांजवळ गोळा होतील आणि दोन महाकाय भोवरे तयार होतील. गोंधळातून शिस्त, तीही जास्त ऊर्जा दिल्यामुळे! भौतिकशास्त्राच्या भाषेत या अवस्थेचं तापमान 'ऋण' असतं. ते शून्याखालचं थंड नव्हे, कुठल्याही गरमपेक्षा गरम. (हे वाक्य मी तीनदा समजून घेतलं आणि चौथ्यांदा विसरले.) गुरू ग्रहावरचा तांबडा डाग शतकं टिकून आहे, त्याच्यामागेही चपट्या प्रवाहातली अशीच प्रवृत्ती असावी असं मानतात.

ओन्सागर यांना १९६८ साली वेगळ्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, १९७६ साली ते गेले. भोवऱ्यांचं भाकीत पडताळायला लागणारा द्रव त्यांच्या हयातीत कुणाकडे नव्हता.

२०१९च्या जूनमध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले, दोन्ही ऑस्ट्रेलियातले. एक ब्रिस्बेनचा, क्वीन्सलँड विद्यापीठातल्या टायलर नीली, मॅथ्यू डेव्हिस, हलिना रुबिन्स्टाइन-डनलॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. दुसरा मेलबर्नचा, मोनाश विद्यापीठातल्या शॉन जॉनस्टोन आणि क्रिस्टियन हेल्मरसन यांच्या गटाचा. ब्रिस्बेनच्या मंडळींनी प्रोजेक्टरमध्ये असते तशी बारीक आरशांची चकती वापरून प्रकाशाची लंबगोल ताटली बनवली. तिच्यात रुबिडियमचं कंडेन्सेट ठेवलं आणि प्रकाशाचीच वल्ही करून ती द्रवातून ओढली. होडीच्या वल्ह्यामागे भोवरे सुटतात तसे सुटले. एकीकडे डावे, एकीकडे उजवे. त्या पुंजक्यांनी विस्कटून जायला हवं होतं, पण ते अनेक सेकंद तसेच टिकले. अणूंच्या जगात हा फार मोठा काळ.

मोनाशचा प्रयोग मला त्याहून आवडला, कारण त्यात आपला बशीतला चहा आहे, फक्त उलटा. त्यांनी द्रवातून प्रकाशाची जाळी ओढली आणि डाव्या-उजव्या भोवऱ्यांचा गोंधळ उडवून दिला. मग नुसतं पाहत बसले. डावा आणि उजवा भोवरा अगदी जवळ आले की एकमेकांना मिटवून टाकतात. अशा जवळच्या जोडीत ऊर्जा सर्वांत कमी असते. म्हणजे इथे निघून जातात ते सर्वांत 'थंड' सभासद, आणि मागे उरलेल्यांच्या वाट्याला सरासरी जास्त ऊर्जा येते. चहा वाफेने निवतो, हे भोवरे 'वाफेने' तापतात. आणि तापत तापत, ओन्सागर यांनी सत्तर वर्षांपूर्वी लिहून ठेवलं तसे, आपापल्या जातीचे पुंजके करून बसतात. हे फोटो पाहून मला जे वाटलं ते सांगायला शब्द नाहीत. करड्या ढगावर काळे ठिपके, बस. पण ते ठिपके मोजता येतात.

आता काकांचं लॉकेट. आपलं शरीर ३१० केल्व्हिनवर असतं आणि त्यात सर्वांत जास्त पाणी. त्या तापमानाला पाण्याच्या रेणूची लाट काढली, तर ती शेजारच्या रेणूपर्यंतच्या अंतराच्या दहाव्या हिश्शालाही पुरत नाही. कुणाची लाट कुणाला शिवतच नाही, तर सगळे एका लयीत येणार कुठून? धातूचा तुकडा छातीवर ठेवून हे अंतर भरत नाही. ते भरायला तापमान शंभराहून जास्त पटींनी उतरवावं लागतं, आणि त्या तापमानाला काका काही बोलण्याच्या स्थितीत नसतील.

शरीरात क्वांटम काही नाही, असं मात्र मी म्हणत नाही. इलेक्ट्रॉन फार हलके, त्यांच्या लाटा लांब. म्हणून तर अणूंचे बंध होतात, हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरतं, काकांची गोळी आपल्या जागी जाऊन बसते. आणि अनेक कणांची खरी एकलय आपल्या इस्पितळातही आहे, फक्त ती पेशंटच्या अंगात नसून त्याच्याभोवती आहे. एम.आर.आय.च्या यंत्रातलं चुंबक म्हणजे नायोबियम-टायटॅनियमच्या तारांची वेटोळी. साधारणपणे ती द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर बुडवलेली असतात. तिथे इलेक्ट्रॉन जोड्या जुळवून एका लयीत वाहतात आणि एकदा सोडलेली वीज वर्षानुवर्षं अडथळ्याविना फिरत राहते. स्विनबर्नला लिथियमच्या जोड्यांवर जो अभ्यास चालतो, तो या जोड्या समजून घेण्यासाठीच. हेलियम उडून गेलं की लय मोडते, चुंबकत्व जातं, आणि रेडिऑलॉजीवाले आम्हाला पेशंट पाठवू नका म्हणून कळवतात. क्वांटम लयीला थंडीची किती गरज असते, हे त्या दिवशी सगळ्या इस्पितळाला कळतं.

हे सगळं मी काकांना त्यांच्या घरी चहा घेताना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते निवृत्त इंजिनियर, भोवऱ्यांवर तर त्यांनी माझ्यापेक्षा चांगले प्रश्न विचारले. शेवटी म्हणाले, "म्हणजे लॉकेट फ्रीजरमध्ये ठेवलं तर?"

मी म्हटलं, "काका, फ्रीजर म्हणजे २५५ केल्व्हिन."

काकू आतून म्हणाल्या, "त्यापेक्षा गोळ्यांच्या डबीवर ठेवा, गोळीची आठवण तरी होईल." आता ते तिथेच असतं. परवा बी.पी. पाहिलं, १३६ वर ८२ होतं.